खोलीची शांतता

मित्रांनो, माझ्या पिशवीची चेन जरा बेताने ओढा, मधेच अडकते ती. हं, आता बरं वाटलं. मी एक जुना माइक आहे. तुमच्या सभागृहात स्टेजवर जो उभा असतो आणि ज्याला येणारा-जाणारा टिचक्या मारतो, तो माझा लांबचा भाऊ. मी लांबट, काळा, काकडीएवढा. माझी जागा लांब दांड्याच्या टोकाला, लोकांच्या डोक्यावर. माझं आयुष्य माहितीपटांत गेलं आणि त्यात मला घडीभर स्वस्थता मिळाली नाही. आजही नाही. ती का नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक गादीच्या भिंतींची खोली होती, आत काडीचाही आवाज नाही. एका बाईने मला तिथे टांगलं, कानाला हेडफोन लावले आणि स्वतःशीच म्हणाली, "अगंबाई, हा तर जरा जास्तच ऐकतो." तिने मला पास केलं. मी समोरचं अगदी श्वासापर्यंत ऐकतो, पण बाजूचं मला दबकं येतं. माझं तोंड जिकडे, तिकडचंच जग मला स्पष्ट ऐकू येणार. बरं, तोंड कुठे वळवायचं ते माझ्या हातात नाही. आता सांगा, कसं स्वस्थ बसावं?

मी अण्णांच्या हातात पडलो. अण्णा म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. भला माणूस, पण आवाजाच्या बाबतीत महा खडूस. कुठल्याही घरात शिरले की आधी पंखा बंद, मग फ्रिज बंद, मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली. घरातली माणसं बघतच राहायची. पण मला मात्र त्यांनी जिवापाड जपलं. वाऱ्यात केसाळ टोपी, धुळीत फडकं, काम संपलं की बॅटरी बाहेर. त्यांनी मला कधी जमिनीवर ठेवलं नाही.

माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा, खऱ्या घटनांचा सिनेमा. पण खरं दाखवायचं म्हणून ही मंडळी काय खटाटोप करतात, ते मला विचारा! बाई घरात शिरताना दाखवायची असते, तर कॅमेरा आधीच आत जाऊन बसलेला. ती बिचारी स्वतःचंच दार तीन-तीनदा उघडते. एका प्रकारात म्हणे कॅमेऱ्याने भिंतीवरच्या पालीसारखं गप्प राहायचं, कोणाला काही विचारायचं नाही. कॅमेरा दिवसभर गप्प, आणि घरातली माणसं दिवसभर पोट आत ओढून वावरतात. कधी जुनी घटना नटांकडून पुन्हा करून घ्यायची, भरपूर धूर सोडायचा, चेहरा तेवढा दाखवायचा नाही. आणि सगळ्यात जास्त चालते ती मुलाखत. माणूस खुर्चीत, मागे खिडकी किंवा पुस्तकं, आणि त्याने कॅमेऱ्याकडे अजिबात बघायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नंतर कापून टाकतात, म्हणून बोलणाऱ्याला सांगायचं, "प्रश्न उत्तरातच घ्या हं." म्हणजे "जेवलात का?" विचारलं की नुसतं "हो" नाही म्हणायचं. "मी जेवलो आहे," असं म्हणायचं.

मुलाखत संपली की एक गंमत असते. ज्या खोलीत बोलणं झालं, तिथली नुसती शांतता अर्धं मिनिट टिपून ठेवायची. त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते हो! पुढे बोलणं कापलं-जोडलं की मधल्या फटीत ही शांतता भरतात, नाहीतर कानाला खड्डा लागतो. त्या अर्ध्या मिनिटात हलायचं नाही, खोकायचं नाही. कोणी चुळबुळ केलीच, तर अण्णांचं बोट वर आणि तोंडातून "शूऽऽ!" मी तर त्या वेळी नुसता कासावीस होतो. समोर इतकी माणसं, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेलं, आणि ऐकायचं काय, तर काहीच नाही.

आता त्या माहितीपटाकडे येतो.

रेल्वेच्या एका फाटकावर तीस वर्षांपूर्वी अपघात झाला होता. फाटक उघडं होतं आणि कामगारांना घेऊन चाललेला टेम्पो गाडीखाली सापडला. रीत अशी, की गाडी सुटली की स्टेशनमास्तरांनी फाटकावर फोन करायचा आणि मग फाटकवाल्याने फाटक लावायचं. मास्तर म्हणाले, मी फोन केला होता. फाटकवाला म्हणाला, फोन आलाच नाही. मास्तरांचं खरं धरलं गेलं, फाटकवाल्याची नोकरी गेली आणि काही वर्षांनी तोही गेला. मागे राहिली त्याची मुलगी.

ती शिवणकामाचं छोटं दुकान चालवते. आम्ही गेलो तेव्हा अण्णांनी तिचं मशीन बंद करायला लावलं, म्हणून ती रिकाम्या हातांनी बसली होती आणि त्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. आमच्या दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणायचे. ताईने विचारलं, "या सिनेमातून तुम्हाला काय हवंय?"

"माझ्या बाबांना फोन आला नव्हता. एवढंच आलं पाहिजे. बाकी माझं काही नाही दाखवलं तरी चालेल."

"मी समजू शकते. पण आम्हाला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात."

"दाखवा की. पण दुसऱ्या बाजूला कोणी विचारलंय का, की खरंच फोन केला होतात का? माझ्या बाबांना मात्र मरेपर्यंत विचारत होते. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकासुद्धा मी आत वळले की कुजबुजतात. मला ऐकू येतं."

तिचा आवाज जराही चढला नाही. मी इतके आवाज ऐकले, पण तो मला टोचत राहिला. कधी एकदा त्या मास्तरांसमोर जातो असं मला झालं होतं.

गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, टापटीप. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी खुर्चीत बसले. त्यांच्या बायकोला, काकूंना, ताईने गोड शब्दांत सांगितलं, "काकू, तुम्ही जरा तिकडे बसाल? फ्रेममध्ये येताय." काकू स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर जाऊन बसल्या, माझ्या बाजूला. माझं तोंड मास्तरांकडे.

"त्या दिवशी मी फाटकावर फोन केला होता," मास्तर म्हणाले. प्रश्न उत्तरात घ्या म्हणून त्यांना सांगावंही लागलं नाही. वाक्य कसं घासूनपुसून ठेवलेलं! शब्द ठणठणीत होते, पण प्रत्येक वाक्याआधी त्यांचा घसा कोरडा पडत होता. तो आवाज हेडफोनमध्ये येतो, पण खरखर म्हणून नंतर साफ करतात.

मुलाखत संपली. बाहेरचा उजेड चालला होता, म्हणून ताई आणि कॅमेरेवाला इमारतीचा शॉट घ्यायला धावतच खाली गेले. वर राहिले अण्णा, मास्तर आणि काकू. अण्णांनी फ्रिज बंद असल्याची खात्री केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रूम टोन. कोणी बोलू नका."

आणि काकू बोलल्या. अगदी हळू, जमिनीकडे बघत असाव्यात अशा आवाजात. "अहो, फोन कुठे केला होतात तुम्ही? तुम्ही तर घरी आला होतात. आपली छकुली तापाने फणफणली होती. मीच हाक मारली होती ना तुम्हाला..."

"शूऽऽ!" अण्णांचं बोट वर.

अहो अण्णा, ऐका! ऐका ना! माझ्या तारेतून जेवढं ढकलता येईल तेवढं मी ढकललं. पण माझं तोंड दुसरीकडे, आवाज दबका, आणि अण्णा त्या वेळी शांतता शोधत होते. त्यांच्या कानाला ते शब्द लागलेच नाहीत. त्यांना फक्त कळलं, की बाजूला कोणीतरी कुजबुजतंय. "पुन्हा घेऊ," ते म्हणाले. काकू उठून आत गेल्या. दुसऱ्या खेपेला खोली खरोखर शांत राहिली, फक्त मास्तरांचा श्वास जोरात चालला होता.

मित्रांनो, त्यानंतर माझी जी तगमग झाली! पण माझी तार काढली की मी ठार बहिरा आणि मुका. पुन्हा तार जोडली गेली ती एडिटिंगच्या खोलीत. तिथे जड आवाजाचे एक निवेदक आले होते. माहितीपटात न दिसणारा माणूस जे बोलतो ते निवेदन. पडद्यावर रिकामे रूळ, मागे बासरी, आणि निवेदक माझ्या तोंडाशी येऊन म्हणाले, "तो फोन झाला होता की नव्हता, हे आता कोणालाच कळणार नाही."

कोणालाच? अरे, मी इथेच आहे की! मला कळलंय! चीड आली मला, इतकी की सांगता सोय नाही. ताई मात्र खूश. असा अधांतरी शेवट केला की सिनेमा खोल वाटतो, असं या मंडळींचं मत असतं.

"छान झालं. अण्णा, आता रुळांच्या आधी मास्तरांच्या खोलीची शांतता हवी. दुसऱ्या टेकमध्ये श्वास फार येतोय त्यांचा. पहिला टेक साफ करून द्या ना."

अण्णांनी पहिला टेक लावला. कुजबुज काढायची तर आधी ती नेमकी कुठे आहे ते बघायला हवं, म्हणून आवाज वाढवला. आणखी वाढवला. काकू बोलल्या. मग अण्णांचंच "शूऽऽ" त्या खोलीत इतकं मोठं वाजलं, की निवेदकांच्या हातातला कप हिंदकळला.

मग ताई टुणकन उठली. "अण्णा! हाच आपला शेवट! पडदा काळा ठेवायचा, काकूंचा आवाज आणि खाली पांढरी अक्षरं. अंगावर काटा येईल लोकांच्या!"

"परवानगी कोणाची घेतली होती आपण?" अण्णांनी विचारलं.

"मास्तरांची."

"आणि काकूंची?"

"त्या मुलीचा विचार करा ना, अण्णा. ती तीस वर्षं ऐकून घेतेय. तिला हेच तर हवंय."

"तिचाच करतोय. बाई बोलत होती, तिला मी गप्प केलं. आता तिच्या नकळत तिलाच बोलायला लावू? उद्या मास्तर म्हणतील, हिचा आवाजच नाही हा. मग ती मुलगी पुन्हा तिथेच येऊन पडेल. चला, उठा. काकूंकडे जाऊ."

ताईने कपाळावर हात मारला, चिडचिड केली, प्रदर्शनाच्या तारखेची आठवण करून दिली. पण उठली.

दार काकूंनीच उघडलं. अण्णा फार बोलले नाहीत. "काकू, त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही काय म्हणालात ते मी आज ऐकलं," एवढं म्हणून त्यांनी हेडफोन काकूंच्या कानांवर ठेवले. काकूंनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"काय आहे ते?" मास्तर खुर्चीतून म्हणाले. "बंद करा आधी."

"अहो, राहू द्या," काकू म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "सांगते मी. पण आधी त्या मुलीला सांगेन. तिच्यासमोर बसून. तुमच्या यंत्राला नंतर."

दुसऱ्या दिवशी ती आली. अण्णांनी माझी तार काढली आणि आमची मंडळी जिन्यात जाऊन थांबली. मी त्या खोलीतच होतो, पण बहिरा. त्या दोघींचं काय बोलणं झालं, मास्तर काय म्हणाले, कोण रडलं, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. खरं सांगू? आयुष्यात तेवढाच वेळ मला ऐकायची घाई झाली नव्हती.

मला पुन्हा जोडलं, तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर उठले होते. "बस तू इथे," ते बायकोला म्हणाले. त्यांचा आवाज ठणठणीत नव्हता. काकू खिडकीपाशी बसल्या. अण्णांनी मला त्यांच्याकडे वळवलं. काकूंनी ताईकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. त्या थेट फाटकवाल्याच्या मुलीशी बोलल्या.

"तुझ्या बाबांना फोन आला नव्हता. फोन झालाच नव्हता, कारण हे माझ्या हाकेवर स्टेशनामागच्या आमच्या क्वार्टरवर आले होते. परत स्टेशनात पोचले तोवर गाडी फाटकापाशी गेली होती. तुझे बाबा खरं बोलत होते आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यांची नोकरी जाईल, माझी पोर उघड्यावर पडेल, म्हणून मी गप्प बसले. आणि तू उघड्यावर पडलीस."

ताईला सवयच नडली. ती हलकेच म्हणाली, "काकू, फारच छान. फक्त एकदा जवळून घेऊ या? हेच पुन्हा म्हणा."

"पुन्हा नाही," ती मुलगी म्हणाली. "एकदा पुरे झालं मला." आणि मग ती रडली, मोकळी, मोठ्याने. अण्णांनी हेडफोन काढून ठेवले.

माहितीपट पूर्ण झाला. निवेदकांचं ते वाक्य गेलं, बासरीही गेली. अण्णांचा हात पुढे दुखायला लागला, दांडा पेलेना, आणि त्यांनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं. तेव्हापासून मी या कपाटात आहे. माझी केसाळ टोपी कसरीने खाल्ली आहे. बॅटरी आतच राहून फुगली आहे, ती आधी काढा. माझ्या तोंडात फुंकू नका आणि मला टेबलावर आपटू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आणि एक काम दुसऱ्यांसाठी करा. तुम्ही आता कोणाकोणाच्या मुलाखती घ्याल, छान खुर्ची मांडाल, पंखा बंद कराल. खुर्चीतल्या माणसाचं बोलणं झालं, की त्या घरात आणखी कोण बसलंय ते बघा, आणि ते बोलायला लागलं तर माझं तोंड तिकडे वळवा. तुमची शांतता नंतर घेता येईल. काकूंना बोलायला तीस वर्षं लागली, मित्रांनो, आणि फाटकवाला तोवर थांबू शकला नाही.