क्लिओच्या खुर्चीतली शिकवणी

"हळू," क्लिओ म्हणाला. "परत बोल."

जमार खुर्चीत मान मागे टाकून पडला होता. गळ्यावर फेस आणि फेसावर क्लिओचा वस्तरा, त्यामुळे त्याला तसंही मोठ्यानं बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, माझ्या बायकोला बरं वाटत नाहीये. डॉक्टरांना बोलावता का?"

"त्या म्हणाल्या, नंतर बघू. मग?"

"मग मी म्हणेन, नंतर म्हणजे कधी? मी काय मूर्ख –"

"गेलास. गार्ड आला, तुला बाहेर काढलं. आता आत रेनिताजवळ कोण?"

बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. जमारही हसला असता, पण वस्तरा हनुवटीखाली होता.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या दक्षिणेकडच्या त्या सलूनमध्ये ही शिकवणी नेहमीचीच होती. ज्याची बायको पोटुशी, त्याची दाढी क्लिओ टेट स्वतः करायचा, दुसऱ्या कारागिराला हात लावू द्यायचा नाही. दाढी होईपर्यंत त्या पोराला इस्पितळात कसं बोलायचं ते शिकवायचा. काळ्या माणसानं आवाज चढवला की लोक घाबरतात आणि आवाज उतरवला की तो कुणाला ऐकूच येत नाही. या दोन्हींच्या मधून एक चिंचोळी वाट जाते, असं त्याचं म्हणणं.

ती वाट त्याला स्वतःला फार उशिरा सापडली होती. त्याची बायको अर्लीन पहिल्या बाळंतपणानंतर पोटात दुखतंय, थंडी वाजतेय म्हणत दिवसभर कण्हत राहिली. क्लिओनं टोपी हातात धरून पुन्हा पुन्हा विचारलं. "होतं असं. तुमच्या बायका काटक असतात, करतील सहन," असं त्याला हसून सांगितलं गेलं. दर वेळी तो "होय मॅडम" म्हणून मागे फिरला. आईनं त्याला तसंच वाढवलं होतं; गोऱ्या माणसापुढं आवाज खाली, नजर खाली, म्हणजे जीव शाबूत. संध्याकाळी अर्लीन गेली. पोटात रक्तस्राव होत होता, आणि तो कुणी पाहिला नव्हता. बाळही मागोमाग गेलं. क्लिओनं पुन्हा लग्न केलं नाही. वस्तीत आणखी दोघी तशाच गेल्यावर त्यानं खुर्चीतली ही शिकवणी सुरू केली. कुणी त्याला काही मान दिला नाही, त्यानं मागितलाही नाही.

जमारला मुलगा झाल्याची बातमी शनिवारी सकाळी आली. सलूनमध्ये टाळ्या पडल्या. दुपारी, चर्चमधले पुढारी डीकन हॉबसन यांचे अर्धे केस कापून झालेले असताना, फोन परत वाजला.

"काका, तिला घाम सुटलाय. अंग कापतंय. छाती धडधडतेय म्हणते. इथली नर्स म्हणते दमलीय, पहिलटकरीण आहे, घाबरट आहे. काका, मी आता –"

"बस खाली," क्लिओ म्हणाला. "हात लोकांना दिसतील असे मांडीवर ठेव. मी निघालो."

त्यानं ॲप्रन खुंटीला अडकवला.

"आणि माझं काय?" डीकन म्हणाले. "अर्धाच राहू?"

"टोपी घाला."

"उद्या रविवार आहे रे. चर्चमध्ये टोपी काढावी लागते."

"मग उरलेल्या केसांसाठीच प्रार्थना करा," क्लिओ म्हणाला आणि गाडीत बसलासुद्धा.

इस्पितळ तेच होतं. अर्लीन गेल्यापासून त्यानं त्या रस्त्यानं जाणंदेखील टाळलं होतं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्याला एकदम वाटलं, परत खाली जावं. पण समोरच जमार भिंतीला टेकून उभा होता, डोळे तांबारलेले, आणि त्याच्यासमोर एक धिप्पाड काळा गार्ड. काउंटरमागची तरुण गोरी नर्स सांगत होती, "यांना खाली न्या. हे ओरडले माझ्यावर."

क्लिओनं जमारच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आत जा. रेनिताचा हात धर. इथलं मी बघतो."

गार्डनं नर्सकडे पाहिलं. तिनं नुसते खांदे उडवले, तसा जमार आत गेला.

"सर, तिचे नाडी-प्रेशरचे सगळे आकडे ठीक आहेत," नर्स म्हणाली. तिचाही दिवस वाईट गेला असावा. केस विस्कटलेले, फोन सारखा वाजत होता. "डॉक्टर राउंडला येतीलच. तुम्ही काळजी करू नका."

'होय मॅडम' क्लिओच्या जिभेवर आलं. आयुष्यभराची सवय. त्यानं ते गिळलं.

"ठीक असेल तर आनंदच आहे, मॅडम. मग डॉक्टरांनी तिच्या खाटेजवळ उभं राहून तसं सांगावं. तोवर मी इथं बसतो."

"इथं बसता येणार नाही."

"मी आवाज चढवला का?"

"नाही, पण –"

"कुणाला हात लावला?"

"नाही."

"मग मी नुसता बसतो. त्या पोरीची आई हयात नाही, मॅडम. तिच्यासाठी बसायला दुसरं कुणी नाही."

तो बाकड्यावर बसला. हात मांडीवर.

नर्सनं गार्डला खूण केली. गार्ड पुढं आला, क्लिओकडे वरून पाहत राहिला, आणि मग वळून म्हणाला, "मॅडम, भांडणारा माणूस मी बाहेर काढतो. हे भांडत नाहीयेत." आणि तो क्लिओच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

फोन वाजत राहिला. मग नर्सनं श्वास सोडला, "बरं, पुन्हा बघते," म्हणाली आणि आत गेली.

ती बाहेर आली ती पळतच. फोन उचलताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग डॉक्टरीण आली, आणखी माणसं आली, रेनिताला खाटेसकट नेलं. तिचे ओठ राखेसारखे झाले होते. जाता जाता नर्स क्लिओपाशी क्षणभर थबकली. "आधीच पाहायला हवं होतं मी," म्हणाली आणि खाटेमागे धावली.

जमार बाकड्यावर येऊन कोसळला. "मी जास्त ओरडलो का, काका? की कमी?"

"तू तिला सोडून गेला नाहीस," क्लिओ म्हणाला. "बास."

वाट पाहता पाहता जमारनं गार्डला खुर्चीतल्या शिकवणीचं सगळं सांगितलं. खिडकीतलं ऊन तिरकं झालं तेव्हा डॉक्टरीण बाहेर आली. रक्तस्राव पोटात होता, थांबवला. पिशवी वाचली नाही. रेनिताला आता दुसरं मूल होणार नाही. पण ती शुद्धीवर येतेय, बाळाला विचारतेय. जमार तोंड झाकून रडू लागला. डॉक्टरीण क्लिओकडे वळली. "आपण तिचे कोण? वडील?"

"नाही."

"आजोबा?"

"मी तिच्या नवऱ्याची दाढी करतो," क्लिओ म्हणाला.

तिला ते नीट कळलं नसावं. तिनं मान हलवली आणि गेली.

जमार बायकोकडे गेला. क्लिओ टोपी घालून निघाला तसा गार्डही त्याच्याबरोबर चालू लागला. लिफ्टमधून, मग तळमजल्यावरच्या लांब दालनातून. बाकांवरची माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला हाकलताहेत. दारापाशी गार्डनं पुढं होऊन दार उघडून धरलं.

"सर, तुमचं सलून कुठं आहे?"

क्लिओनं सांगितलं.

गार्ड अडखळला. "बायकोला सातवा लागलाय. पण मी..." त्यानं टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं.

क्लिओनं त्याच्या हनुवटीकडे नीट पाहिलं.

"दाढी आहे की," तो म्हणाला. "मंगळवारी ये. गर्दी नसते."

गार्डनं टोपी परत घातली नाही. ती हातात धरून तो, क्लिओ पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचेपर्यंत, दार उघडं धरून उभा राहिला.