नऊ माणसांची खोली

भालचंद्र पोंक्षे फॅक्टरी इन्स्पेक्टर होता आणि कुणाकडून काही घेत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या कारखानदारांना पटायला तीन वर्षं लागली. घराण्याची त्या शहरातली ही तिसरी पिढी. बंगाली तो असं बोलायचा, की आडनाव सांगेपर्यंत कुणाला शंका येत नसे.

बाहत्तरच्या फेब्रुवारीत तो नंदीबाबूंच्या कारखान्यात तपासणीला गेला. टॉर्चची पत्र्याची झाकणं बनवायचा कारखाना, पत्रा कापून दाबणारे, विजेवर चालणारे दोन प्रेस, अठरा माणसं. खिडकीजवळ एक मुलगी झाकणं पुसून खोक्यात भरत बसली होती. नाव शेफाली. वय विचारलं तेव्हा तिनं आधी नंदीबाबूंकडे पाहिलं आणि मग पंधरा सांगितलं.

कायदा सरळ होता. चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात काम नाही. चौदा ते अठरा असेल तर सरकारी डॉक्टरनं वय आणि प्रकृती तपासून दिलेलं कार्ड हवं. शेफालीकडे कार्ड नव्हतं. भालचंद्र तिला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं दात पाहिले, मनगटं पाहिली आणि कागदावर वय लिहिलं, तेरा.

शेफालीची आई बाहेर उभी होती. चौसष्टच्या दंगलीनंतर पूर्व पाकिस्तानातून सीमा ओलांडून आलेली बाई, चार घरची भांडी घासायची. ती म्हणाली, "बाबू, एक वर्ष वाढवून लिहायला सांगा. बसून करायचं काम आहे. दुपारचा भात तिथंच मिळतो."

भालचंद्रनं तिला समजावलं, की हे मुलीच्याच भल्याचं आहे, तिनं शाळेत जायला हवं. किती मायेनं आपण ते सांगितलं होतं, हे त्याला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. शेफालीला कामावरून काढलं, नंदीबाबूंवर खटला झाला, दंड झाला. घरी मीनाक्षीनं शेजारणींना नवऱ्याचं कौतुक सांगितलं.

चार महिन्यांत नंदीबाबूंनी कारखान्याच्या मधोमध विटांची भिंत घातली. एक बाजू त्यांच्या नावावर, दुसरी मेव्हण्याच्या. इकडे नऊ माणसं, तिकडे नऊ. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असली तर कायदा लागू होतो, नऊ असली तर नाही. नंदीबाबूंनी दारातच चहा मागवला आणि फार अदबीनं म्हणाले, "पोंक्षेबाबू, आता तुम्हाला इथवर यायची तसदी नको."

भिंत खोटी आहे, असा अहवाल भालचंद्रनं दिला. साहेबांनी विचारलं, परवाने दोन आहेत का? मीटर दोन आहेत का? आहेत, म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. भालचंद्रनंही मग विषय सोडला.

नऊ माणसांच्या खोलीत नुसतं पुसायला आणि भरायला वेगळं माणूस परवडत नव्हतं. सगळ्यांनी सगळं करायचं. शेफाली परत आली ती प्रेसवर बसली. दुर्गापूजेच्या आधीच्या घाईत तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आई भालचंद्रच्या घरी येऊन सांगून गेली. रडली नाही, भांडलीही नाही. तो नंदीबाबूंकडे गेला, साहेबांकडे गेला, वकिलाकडे गेला. शेफाली तिथं कामाला होती, असं कुठल्याच कागदावर नव्हतं. तिच्या नावाचा एकच कागद होता, तो भालचंद्रनं करून घेतलेला. तिला कामावरून काढल्याचा.

पुढच्या मार्चमध्ये शेफाली एकटीच त्याच्या ऑफिसात आली. उजवा हात पदराखाली होता.

"काकाबाबू, तुमच्याच कागदावर मी तेरा वर्षांची होते. त्यावर वर्ष झालं. आता कार्ड द्या."

एका मोठ्या कारखान्यात मुलींना पॅकिंगला घेत होते. चौदा वर्षांच्या मुलांना कायद्यानं चालणारं साडेचार तासांचं काम, पण कार्ड हवं. भालचंद्रनं हातातलं काम टाकलं आणि तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. वयाबद्दल डॉक्टरनं काही हरकत घेतली नाही. मग त्यानं तिला दोन्ही हात पुढं करायला सांगितले. पाहिले आणि लिहिलं, कामास अपात्र.

भालचंद्र त्याच्याशी वाद घालायला लागला. नुसतं पॅकिंग आहे, डावा हात चांगला आहे, मी स्वतः जाऊन लक्ष ठेवीन. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "पोंक्षे, उद्या माझ्या सहीवर हिला कुणी यंत्रावर बसवलं, तर माझ्याविरुद्ध पहिला रिपोर्ट तुम्हीच लिहाल."

भालचंद्रनं खरंच लिहिला असता.

दोघं एस्प्लनेडच्या स्टॉपवर बेहालाच्या बसची वाट पाहत उभे राहिले. मग शेफालीनं विचारलं, "काकाबाबू, तुम्ही जिथं तपासायला जात नाही, अशा जागा कुठं आहेत?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, आणि बेहालात ती त्याच्याइतकी कुणालाच नव्हती. कुठल्या गल्लीत सहा माणसं आहेत, कुठं आठ, हे त्याला पाठ होतं. एका हातानं जमेल असं काम त्याला आठवेना, तरी त्यानं आठवून पाहिलं. डिंकानं कागदी पिशव्या चिकटवणारं एक घर होतं. अगरबत्तीचे पुडे भरणारे दोन भाऊ होते.

खिशातून कागद काढून तो पत्ते लिहायला लागला. मग तिला वाचता येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा ते त्यानं तोंडीच सांगितले, एकेक करून, दोनदा.