दुमडीतलं पान

आईने मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तिने विचारलं नाही.

लिपिकाच्या जागेसाठी टायपिंगची चाचणी वाशीमला होती, सकाळी नऊला. लेखी परीक्षा मी पास झाले होते. मागच्या जानेवारीतही झाले होते, पण थंडीने बोटं पांढरीफटक पडून आखडली आणि उताऱ्याच्या चार ओळी राहून गेल्या. आता वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच खेप. म्हणून आईने दादाचा जुना स्वेटर उसवला आणि सायकलच्या घासलेल्या तारांवर माझ्यासाठी मनगटाचे मोजे विणले. बोटं उघडी, अंगठ्याला भोक, बाकी एक सुलटा एक उलटा, आणि काठाला रुंद दुमड घालून शिवलेली. इंझोरीहून आईसोबत येताना बसमध्ये हात असे गरम राहिले की मी गुडघ्यावर दोनदा उतारा टाईप करून पाहिला.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर तपासणीची बाई होती. आठ पन्नासला फाटक बंद होणार होतं. आठ अडतीसला तिने माझं डावं मनगट दाबलं आणि आत काहीतरी कुरकुरलं.

"कागद हाय," ती म्हणाली.

"नाही हो, मॅडम."

"मंग वाजलं काय? कॉपी सापडली तं परीक्षाच बाद, मालूम हाय ना?"

मी मागे पाहिलं, तर सोबतच्या लोकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभ्या असलेल्या आईचं तोंड उतरलं होतं. तेव्हा मला कळलं.

"काय ठेवलं वो माय तू?" मी ओरडले.

ती दोरीखालून वाकून पुढे आली. "कागद नोय, मॅडम. पिंपळाचं पान हाय. विहारातलं."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. आमच्या घरी गंडेदोऱ्यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. आत्याच्या गळ्यातला ताईत बाबांनी भांडून काढायला लावला होता. आणि आता आईच हे करते!

"तू मले ताईत बांधला?"

"ताईत कायचा," आई पुटपुटली. "पान हाय ते."

"पान असो का काई असो, मले दिसलं पाह्यजे," बाई म्हणाली. "उसवा."

आईने माझ्या हातातला मोजा काढून दुमडीची शिवण दातांनी तोडली आणि टाके ओढले. सोळा दिवसांचं विणकाम भराभरा सुटून तिच्या पायाशी पडलं. आतून वाळकं पान निघालं. बाईने ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "जा आता. लवकर."

आठ चव्वेचाळीस झाले होते. मी पाऊल उचललं, तर आईनेच माझी बाही धरली.

"थांब दीपा. दुसऱ्यातबी हाय."

एकदा उघडं पडलं, की उरलेलं लपवणं तिला कधी जमलंच नाही. मी दुसरा मोजा ओढून काढला आणि तिच्या हातात कोंबला. बोटांची टोकं लगेच पांढरी पडायला लागली. मी ती पाहिली, तिनेही पाहिली. तिने माझे दोन्ही हात शालीखाली ओढले आणि आपल्या काखांत दाबून धरले. मी अजून चिडलेलीच होते, पण हात काढून घेतले नाहीत. तिची छाती धडधडत होती. बाई एकदा घड्याळाकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होती.

"फाटक लावून राह्यली मी," ती शेवटी म्हणाली. मी पळाले.

उतारा संपला तेव्हा पन्नास सेकंद उरले होते. शेवटच्या ओळीला बोटं जड झाली, पण थांबली नाहीत.

बाहेर आले, तर आई समोरच्या दगडावर बसून सुटलेली लोकर पुन्हा तारांवर घालत होती. तिने वर पाहिलं नाही. विचारायची तिला भीती वाटत होती.

"पुरा झाला," मी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले. "आता नुसती लोकरच विणतो, बाप्पा. पान नाई टाकत."

मी माझे गारठलेले हात पुन्हा तिच्या शालीत घातले.

"टाक," मी म्हणाले. "पण मले सांगून टाक."