माझ्या नावावरच्या गोळ्या

जयेश माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. यूपीएससीसाठी बार्शीहून दिल्लीला आला आणि आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बंद केलेल्या बाल्कनीत राहिला. तीनदा थोडक्यात हुकला होता. पंच्याण्णव साली चौथा आणि शेवटचा प्रयत्न. मुख्य परीक्षेला सहा दिवस उरले असताना त्याची अक्कलदाढ दुखायला लागली.

"सव्विसाव्या वर्षी अक्कल येतेय, आणि तीही ऐन परीक्षेत," मी चिडवलं. तो हसला, पण एकाच गालाने.

नीला, माझी बायको, म्हणाली, "मार्केटमध्ये नवीन डेंटिस्ट आलाय. दाखवून तर या."

तो डेंटिस्ट मी पाहिला होता. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर परदेशी बाईचे दात. देशात नवं वारं सुटलं होतं आणि जो तो दुकान थाटत होता. असले लोक दाढ उपटल्याशिवाय सोडत नाहीत, असं माझं ठाम मत. ठाम मतांची मला कधीच कमतरता नव्हती. जयेशलाही माझंच म्हणणं सोयीचं होतं.

"काका, काढली तर चार दिवस जातील यार. पेपर झाले की काढू ना."

मग मी डोकं चालवलं. मंत्रालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे कुटुंबापुरतं सरकारी दवाखान्याचं कार्ड असतं. पुतण्याचं नाव त्यात बसत नाही. म्हणून आमच्या कॉलनीत सगळे करायचे तेच मी केलं. दुखणं माझं म्हणून सांगायला गेलो. शेजारचे नायर मेव्हण्याचं ब्लड प्रेशर वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर चालवत होते. यात कुणाला काही गैर वाटत नसे.

डॉक्टरीण भली होती. टॉर्च लावून म्हणाली, "मुँह खोलिए."

मी आ वासला.

"पूरा खुलता है. निगलने में तकलीफ?"

"बिल्कुल नहीं."

तिने कागदावर तसं लिहिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, "मुँह खुलना कम हो जाए, या थूक निगलने में दर्द हो, तो उसी दिन बड़े अस्पताल जाइए. इसका इन्फेक्शन गले में उतर जाता है."

घरी आलो तेव्हा जयेश वरणात कालवलेला भात बोटाने तोंडात ढकलत होता. चमचा आत जात नव्हता. मी हे पाहिलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते माझ्या कानात ताजं होतं. पण आता तिला जाऊन काय सांगणार, की मघाशी दाखवलेलं तोंड माझं होतं? आणि पेपर चार दिवसांवर. "गोळ्या सुरू कर, उतरेल सूज," एवढंच मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी त्याच्या हनुवटीखालची जागा लाकडासारखी टणक झाली. लाळ गिळता येईना, म्हणून तो तोंडाशी नॅपकिन धरून नोट्स वाचत बसला. दुपारी श्वासाचा घरघर आवाज यायला लागला. नीलाने मला काही विचारलंच नाही. खाली जाऊन टॅक्सी आणली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने समजावून सांगितलं. दाढ अर्धवट वर आली की हिरडीचा पापुद्रा तिच्यावर राहतो. खाली अन्न अडकतं, पू होतो, आणि वाट मिळेल तिकडे पसरतो. याचा गळ्यात उतरला होता. "मुँह कब से नहीं खुल रहा?" त्याने विचारलं.

"चार दिन से," नीला म्हणाली.

त्याने दवाखान्याचा कागद मागितला. "इसमें तो लिखा है, पूरा खुलता है." मग त्याने वरचं नाव वाचलं, वय वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गळ्याला छेद देऊन नळी घातली, पण विष अंगभर गेलं होतं. पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी जयेश गेला. मी मारला त्याला. आज इतक्या वर्षांनी हे वाक्य मला लिहिता येतंय, तेव्हा मनातही म्हणता येत नव्हतं.

गिरिजावहिनी, त्याची आई, दुसऱ्या दिवशी पोचल्या. भाऊ आधीच गेलेला, त्यामुळे एकट्याच. त्यांनी मुलाचा सुजलेला गळा पाहिला. मग मला म्हणाल्या, "भावोजी, एकच सांगा. डॉक्टरांनी वेळेवर तपासलं होतं ना?"

नीला माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

"हो वहिनी. टॉर्च लावून तपासलं. गोळ्याही दिल्या."

"मग तुमचा काय दोष," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.