जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये

आमच्या ह्यांना अख्खा महाराष्ट्र ओळखतो. मी हे सांगते तेव्हा समोरचा आधी हसतो आणि मग मोबाइल काढून मलाच दाखवायला लागतो. सुरुवातीला मी भांडायचे. आता 'दाखवू नका' म्हणायचाही कंटाळा येतो. दाखवा बाबा, घ्या हसून. मी तोवर शेंगा निवडते.

ह्यांचं नाव रामकिसन. गाव केदारखेडा, पोटासाठी शेती आणि हौस माइकची. आमच्या भागात लग्न असो, सत्कार असो, कुणाच्या दुकानाची फीत कापायची असो, माइकवर आमचे हेच. आलेल्या पुढाऱ्यांची नावं मानाप्रमाणे घ्यायची, मानपान करायचा, कुणाला बोलायला उठवायचं आणि कुणाला बसवायचं, हे सगळं ह्यांच्या हातात. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर रामराम घेत नाही. म्हणून ह्यांना लग्नात जेवण गोड लागत नाही. घरी येऊन भाकरी मागतात आणि मला उठावं लागतं.

आणि आमच्याकडे स्मशानातही माइक लागतो. चितेला अग्नी दिला की लोक खाली बसतात, आणि सरपंचापासून एकेक जण उठून दोन शब्द बोलतो. तिथेही नावं आमचे हेच पुकारतात. मेलेल्या माणसाचा मान वेगळा आणि बोलणाऱ्यांचा वेगळा, दोन्ही सांभाळावे लागतात.

बद्रीनाथ ह्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. ह्यांच्याकडे माइक, तर बद्रीभाऊंकडे पंगत. गावातल्या कुठल्याही लग्नात ते आचाऱ्याच्या डोक्यावर उभे असायचे. भात झाला, पत्रावळी पडल्या, की मांडवात यायचे. ओरडणं नाही, खाणाखुणा नाहीत. गुपचूप ह्यांच्या मागे यायचे आणि सदरा ओढायचे. मग समोर आमदार बोलत असो की आणखी कुणी, हे त्याला गोडीगुलाबीने गुंडाळायचे आणि म्हणायचे, "भोजनाची व्यवस्था केलेली आहे. सर्व पाहुण्यांना नम्र विनंती, कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये." उभा जन्म हे असंच चाललं. सदरा ओढला की वाक्य बाहेर, तोटी फिरवल्यावर पाणी यावं तसं. दोघं घरी बसले की बद्रीभाऊ मुद्दाम सदरा ओढायचे, आमचे हे लगेच ते वाक्य म्हणायचे आणि बद्रीभाऊंची पोरगी पायल हसून हसून लोळायची. मला तेव्हा हा पोरखेळ वाटायचा.

ऐन लग्नसराईत बद्रीभाऊ गेले. सकाळी चहा पीत होते, दुपारी नव्हते. हे तेव्हा शेजारच्या गावात एका लग्नाच्या माइकवर होते. तिथून तसेच, गळ्यातला सत्काराचा रुमाल न काढता आले. पायल एकुलती एक, भाऊ नाही. तिनेच मडकं धरलं आणि तिनेच अग्नी दिला. आम्ही बाया मागे लिंबाखाली बसलो होतो. ह्यांनी माइक घेतला. आवाज बसला होता, पण बोलत होते. "बद्री कुणाला उपाशी जाऊ द्यायचा न्हाई..." एवढं म्हणाले, मध्येच थांबले, आणि मग खणखणीत लग्नातल्या आवाजात म्हणाले, "भोजनाची व्यवस्था केलेली आहे. सर्व पाहुण्यांना नम्र विनंती, कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये."

चिता जळत होती. कुणी हसलं, कुणी खोकलं. ह्यांच्या हातातला माइक खाली गेला. एका पोराने हे सगळं स्टेटसला ठेवायला म्हणून शूट केलं होतं. दिवस मावळायच्या आत ते जालन्यात होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुठे नव्हतं ते विचारा.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसतात, नवीन काही आलं की विसरतात. पण टीव्हीवर तो 'पोट धरून' नावाचा कार्यक्रम लागतो. चार जण सोफ्यावर बसतात, लोकांच्या फजितीचे व्हिडिओ लावतात आणि एकेक थांबवून टिंगल करतात. मीही दर रविवारी पाहायचे, खोटं कशाला बोलू. त्या रविवारी ताट घेऊन बसले, आणि पडद्यावर आमचं स्मशान.

गुलाबी कोटवाल्याने ह्यांचं वाक्य पुन्हा पुन्हा लावलं. "मेन्यू काय आहे, ते तरी सांगा काका!" असं म्हणाला. बाजूची बाई सोफ्यावरून घसरली. इथवर मी दात खाऊन बसले. मग त्याने चित्र थांबवलं आणि ह्यांच्या मागे उभ्या असलेल्या पायलभोवती लाल गोल काढला. ओढणी तोंडावरून घसरलेली, खांदे हललेले. चेहरा मोठा करून दाखवला, तर ओठ हसल्यासारखे फाकलेले स्पष्ट दिसत होते. "पोरगीच हसतेय बघा! बापाला घालवल्याची पार्टी आहे काय?" आणि वाजलं ते त्यांचं भोंग्यासारखं संगीत. ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. तेव्हापासून तो बंदच आहे. मी त्यावर चादर टाकून ठेवली आहे.

चॅनलवाल्यांचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात. पोरगा बोलायला फार गोड. म्हणाला, "सर, तुम्ही तर स्टार झालात. मुंबईला या, स्टेजवर तेच वाक्य म्हणा. गाडी पाठवतो."

हे म्हणाले, "मी येतो. पाहिजे तितक्या वेळा म्हणतो. पन त्या पोरीचं तेवढं काढून टाका."

"सर, तोच तर पंच आहे."

ह्यांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून माइकला हात लावला नाही. बोलावणी आली, हे नाही म्हणाले. 'वय झालं, सवय लागली व्हती, तोंडातून निघालं,' एवढंच सगळ्यांना सांगायचे. मलाही तेवढंच. हे घरात गप्प बसले म्हणजे कसं वाटतं ते मला विचारा. ह्या माणसाच्या आवाजाला मी इतकी वर्षं वैतागले होते, आणि आता ताटात मीठ कमी आहे हेसुद्धा हे सांगेनात.

ह्यांची फजिती ह्यांनी सोसली असती. प्रश्न पायलचा होता. तिची सुपारी थंडीतच फुटली होती, भोकरदनच्या उत्तमरावांच्या हरिओमशी. पोरगा चांगला, पायलच्या कॉलेजातला, दोघांची पसंती. आता घरात माणूस गेल्यावर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर लांबतं. नंदाबाईने, म्हणजे बद्रीभाऊंच्या बायकोने, निरोपावर निरोप धाडले. भोकरदनहून उत्तर काही येईना. मग कानावर आलं की तिकडे लोक म्हणतात, बाप जळत होता आणि पोरगी हसत होती, असली सून काय कामाची. शेवटी निरोप आला, बसायला येतो. बसायला म्हणजे नकार तोंडावर सांगायला, ते सगळ्यांना कळतं.

गावाने आधीच ठरवून टाकलं होतं की पायल रडत होती. मीही सगळीकडे तेच सांगत होते. कॅमेऱ्यात रडणं हसण्यासारखं दिसतं, मी स्वतः पाहिलं, असं छातीठोक सांगायचे. पाहिलं कुठे होतं, मी तर लिंबाखाली होते. नंदाबाईने पोरीला पढवून ठेवलं, "रडत व्हते म्हण. दुसरं काई बोलू नको."

पाहुणे आले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. उत्तमराव, त्यांची बायको ज्योत्स्नाबाई आणि हरिओम. नंदाबाईच्या ओसरीवर सतरंजी टाकली होती. आम्ही वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती. दुःखाचं घर म्हणून गोड केलं नव्हतं. चहा दिला तर उत्तमरावांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आमचं काई म्हननं न्हाई, ताई," उत्तमराव म्हणाले. "पन लोकं इचारून राह्यले. घरात माझी म्हातारी आई हाये, ती रोज इचारते. तिला काय सांगायचं?"

"पोरगी रडत व्हती हो," मी म्हणाले. "टीव्हीवाले काय, उलटंसुलटं करून दाखवतात."

हरिओम लगेच म्हणाला, "मीबी हेच सांगितलं ना दादा तुमाला."

उत्तमरावांनी पायलकडे पाहिलं. "तू सांग, बाई."

पायल दारात उभी होती. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मी हसले व्हते, मामा."

नंदाबाईने डोक्याला हात लावला. मला तर वाटलं, उठून एक ठेवून द्यावी. इतके महिने घसा सुकवला तो कशासाठी?

पायल बोलतच राहिली, खाली मान घालून. "आबाला आग दिली आन् डोळ्यापुढं अंधारी आली. आता पडते असं झालं. पुढं काका उभे व्हते. मी त्यांचा सदरा धरला, मागून. ओढल्या गेला. काका बोलता बोलता थांबले आन् ते जेवनाचं बोलले. मला वाटलं, आबाच आले. दर टायमाला येत्यात तसे मागून आले आन् सदरा ओढला. तेवढं एक घडीभर वाटलं. मंग हसू आलं." ती थांबली. "आन् मंग दिसलं का हात तर माझाच हाये. त्याच्यानंतर रडले. टीव्हीवाल्यानं तिथंच बंद केलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खांबाला टेकून बसले होते, नजर सतरंजीवर.

"तुमाला माहीत व्हतं?" मी विचारलं.

"व्हतं."

"मंग बोलले का न्हाई इतके दिवस? लोकं तुमाला येडं म्हनून राह्यले!"

"काय बोलू?" हे म्हणाले. "पोरीनं सदरा ओढला म्हनून सांगू? मंग लोकं म्हनले असते, तिनंच चेष्टा केली. मला हसले, बरं झालं. मला काय फरक पडतो?"

मी ह्या माणसाशी महिनोन्महिने भांडत होते. कशाला लक्ष नव्हतं तुमचं, कशाला तिथे गेलात, कशाला तोंड उघडलंत. एकदाही ह्यांनी पोरीचं नाव घेतलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही करायची ती जागा नव्हती.

उत्तमराव उठले. माणूस वाईट नव्हता, अवघडला होता. "घरी इचारतो, मंग कळवतो," म्हणाले. हरिओम बसूनच राहिला, तशी त्यांनी त्याला मान हलवून खूण केली. आमच्याकडे पाहुणा न जेवता उंबऱ्याबाहेर पडला की कळवायचं काही राहत नाही. आत ताटं मांडलेली होती. नंदाबाई भिंतीला धरून उभी होती. 'जेवून जा' एवढं म्हणायचं होतं आम्हाला, पण नकार द्यायला आलेल्या माणसाला ते कुठल्या तोंडाने म्हणायचं? उत्तमरावांचा एक पाय चपलेत गेला होता.

तेव्हा पायल दारातून हलली. ओसरीवरून सगळ्यांच्या समोर चालत आली, ह्यांच्या मागे गेली आणि वाकून तिने ह्यांचा सदरा ओढला.

हे दचकले. मागे वळून पाहिलं नाही. खांबाला धरून उठले. गुडघे वाजले ते मलाही ऐकू आलं. हात नेहमीप्रमाणे तोंडाजवळ गेला, जणू हातात माइक आहे, आणि लाजून खाली आला.

"भोजनाची..." घसा खाकरला. "भोजनाची व्यवस्था केलेली आहे. सर्व पाहुण्यांना नम्र विनंती. कोणीही..."

पुढे आवाज आलाच नाही. ओठ हलले नुसते. उत्तमराव एका पायात चप्पल घालून तसेच उभे. कुणीही हसलं नाही.

"जेवल्याशिवाय जाऊ नये," नंदाबाई म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

ज्योत्स्नाबाई इतका वेळ एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला. "काढा ती चप्पल," नवऱ्याला म्हणाल्या, आणि पायलच्या पाठीवर हात ठेवून तिच्याबरोबर आत गेल्या.

उत्तमरावांनी चप्पल काढली. मी हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला.