केबिनमधले अर्धे डॉक्टर

परवानगी नव्हती तेव्हा आमच्या गल्लीतला मेडिकलवाला सगळं देत असे. कुणी काउंटरवर नुसतं पोट धरून उभं राहिलं, तरी मागे न बघता त्याचा हात बरोबर त्या खणात जायचा. चिठ्ठी मागणं त्याला उद्धटपणाचं वाटे. समोरच्या डॉक्टरांवर तर त्याचा खास राग. पेशंटकडे बघत नाहीत, ताटकळत ठेवतात आणि दोन ओळी खरडायचा तोरा केवढा, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

मग सरकारने नियम बदलला. काही ठरावीक दुखण्यांवरची औषधं आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर त्याला देता येणार होती. गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन नीट प्रश्न विचारायचे आणि दुखणं आवाक्याबाहेरचं असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढीच अट. त्याचं प्रशिक्षण झालं. तो आणि त्याची बायको दोघंही गेली, कारण दोघं एकाच कॉलेजात फार्मसी शिकलेली. प्रशिक्षणाहून परतल्यावर बायकोने कुकर लावला. हा पठ्ठ्या शिंप्याकडे पांढऱ्या कोटाचं माप देऊनच घरी आला.

डायपरच्या खोक्यांची जागा रिकामी करून तिथे केबिन झाली. प्लायवूड कमी पडल्यामुळे पार्टिशन छतापर्यंत पोचलं नाही. आत टेबल आणि दोन खुर्च्या, त्यातली फिरती त्याची. बाहेर बाकडं. आत कुणी नसलं तरी माणसाला जरा वेळ बाकड्यावर बसवायचं, हा दंडक त्याने स्वतःच घातला. रंगकाम करणारा एक जण लाल डोळा घेऊन आला, तर त्याच्या आजोबांना साखरेचा त्रास होता का इथपर्यंत चौकशी झाली. तोवर डोळा आपोआप निवळला म्हणतात. लोक त्याला ‘अर्धे डॉक्टर’ म्हणू लागले. त्यातला पहिला शब्द त्याला ऐकूच येत नसे.

एके सकाळी त्याच्या सासूबाई दुकानात आल्या. आयुष्यभर टायपिंगचे वर्ग चालवलेल्या ताठ बाई. कान मात्र त्या खडखडाटात गेलेले. त्या लेकीच्या कानाशी लागून काही सांगणार, एवढ्यात जावई केबिनच्या दारात उभा. आधी बाकडं, मग आत, नातं बाहेर ठेवून यायचं, असं त्याने हसत सांगितलं. लेकीने डोळे वटारले, पण काउंटरवर गर्दी होती.

आत गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, की उन्हाळी लागली आहे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जावयाने आवाज चढवला. लघवीला जळजळ होते का, सारखं जावं लागतं का, रात्री किती वेळा उठता. बाकड्यावरची मंडळी आपापल्या चपला न्याहाळू लागली. एक जण उठून उगाचच दुकानाची पाटी वाचायला गेला. काउंटरवर बायकोचा हात सुटे पैसे देता देता थांबला. आत ताप, कंबर, ॲलर्जी असं सगळं यथासांग झालं, पाणी किती प्यावं यावर छोटंसं व्याख्यानही झालं. सगळ्यात शेवटी त्याने वय विचारलं. सत्तरीच्या पुढचा आकडा ऐकून समोरचा छापील कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“आई, पासष्टच्या वर हे आम्हाला देता येत नाही. डॉक्टरांना दाखवा.”

सासूबाईंनी पर्स उचलली. “जावईबापू, माझं वय तुम्हाला दारातूनच दिसत नव्हतं का?”

विचारल्याशिवाय काही गृहीत धरायचं नसतं, असं तो म्हणाला. त्याला ते मनापासून पटलेलं होतं.

सासूबाई रस्ता ओलांडून गेल्या. नवा नियम आल्यापासून डॉक्टरांकडे शुकशुकाट होता, त्यामुळे कधी नव्हे ते त्यांनी उठून खुर्ची पुढे केली, लघवी तपासली आणि चिठ्ठी दिली. ती घेऊन सासूबाई थेट लेकीपुढे उभ्या राहिल्या. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं होतं ते, सगळ्यांनी ऐकलं.

“त्यांनी सगळं कागदावर लिहून विचारलं गं. एवढंच तर करायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा केबिनमध्ये छातीएवढी डायपरची खोकी रचलेली होती. जागा लागत होती, एवढंच बायको म्हणाली. मग काउंटरच्या पार टोकाला उभी राहून तीच लोकांना विचारू लागली, हळू आवाजात, आणि आधी वय. रांग तिकडे सरकली. केबिनला कंटाळून डॉक्टरांकडे परतलेली चार माणसंही पुन्हा इकडे आली. त्याच्या वाट्याला बिलं आली. कोट मात्र त्याने उतरवला नाही.

हल्ली संध्याकाळी तो समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसतो. डॉक्टरही मोकळेच असतात. लोकांना पद्धत नको, नुसती गोळी हवी, असं डॉक्टर म्हणतात आणि त्याच्यासाठीही चहा सांगतात. त्याला ते शब्दन् शब्द पटतं. इतकी वर्षं आपण या सज्जन माणसाला उगाच नावं ठेवली, असंही तो घरी बोलून दाखवतो. बायको हूं म्हणते आणि उद्याची ऑर्डर लिहायला घेते.