बरणीचं तिकीट

जालना निजामाच्या मुलखात, आमचं देऊळगाव वऱ्हाडात. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. आमचे हे, शेषराव, जालन्याच्या मोटार कंपनीत ड्रायव्हर. पण सासूबाई काही हद्द ओलांडायला तयार नव्हत्या. तिकडचं पाणी जड, म्हणायच्या. पिऊन पाहिलं नव्हतं कधी.

म्हणून हे रोज सकाळी सातच्या मोटारीनं, ती चालवणाऱ्या मेहबूब उस्तादांच्या शेजारच्या जागेवर बसून जालन्याला जात आणि नऊला तिथून स्वतःची मोटार काढत. कंपनीचा पास होता. फुकट, पण 'जागा मोकळी असल्यास'. एकदा त्या जागेवर नायब तहसीलदार बसले, एकदा कुण्या पाटलांचे व्याही. दोन खाडे पडले. मॅनेजरनं बजावलं, तिसरा झाला की पास टेबलावर ठेवायचा आणि घरी बसायचं.

मी म्हटलं, माणूस खाण्यानं वळतो. कैऱ्या आणल्या, मोहरी फेसली, मॅनेजरसाठी मोठी बरणी गळ्यापर्यंत भरली.

"ही लाच झाली," हे म्हणाले.

"लाच कायची? कैऱ्या हायेत."

तरी त्याच्या कानावर घातलं. मॅनेजरचा निरोप आला, बुकिंगात द्या, मी आणवतो. ह्यांनी बरणी आमच्या स्टँडवरच्या बुकिंगवाल्या इंद्रभानकडे दिली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी घोरले.

सकाळी हे डबा विसरले, म्हणून मी मागोमाग स्टँडवर गेले. ह्यांच्या जागेवर खोकं होतं, दोरीनं बांधलेलं. भुसा भरलेला, मधे माझी बरणी.

"इंद्रभान, उचल बे हे."

"नाही उचलता येत, शेषराव. तिकीट हाय त्याले."

"बरणीले?"

"साहेबाची चिठ्ठी हाय. मागं कोनाची बरणी टपावर फुटली होती. पुरं तिकीट फाडलं. तुयापाशी काय हाय? पास."

"मांडीवर घेऊन बसतो ना."

"तिकिटाच्या जागेवर पासवाला बसला, अन् साहेबानं पाह्यलं, त माही नौकरी गेली."

मागे बाजाराची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. "मंग टपावर बसतो," हे म्हणाले.

उस्तादांनी मान खाली घातली. "नाक्यावर टपावरचा आदमी उतरवतेत, भाई. बरणीले कोनी नाही उतरवत."

लोक हसले. लोणचं दुसरीचं असतं तर मीही हसले असते.

मोटार गेली. ह्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, माझ्याकडे न बघता, आणि जालन्याच्या वाटेला लागले, पायी. पोचले तेव्हा दुपार टळली होती. ह्यांची मोटार दुसराच घेऊन गेला होता. मॅनेजरनं पास ड्रॉवरात टाकला.

"लोणचं मात्र फक्कड जमलंय," म्हणाला. "घरी सांगा."

ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

पोळ्याच्या आधी एका संध्याकाळी मेहबूब उस्तादांनी मोटार दारासमोर थांबवली. शेजारच्या जागेवर रिकामी बरणी, धुतलेलीसुद्धा नाही. पुढल्या साली लवकर पाठवा, असा मॅनेजरचा निरोप.

"चल ना, शेषराव, स्टँडपर्यंत," उस्ताद ओशाळून म्हणाले. "सीट खाली हाय."

"पास नाही ना," हे म्हणाले, आणि बरणी दोन्ही हातांनी, जपून, खाली उतरवून घेतली.